तिसऱ्या भागात भूत येतं आणि मालिका पडते: काल्पनिक ट्रू क्राइम पॉडकास्टची नेहमीची अडचण

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "काका, पहिले दोन भाग मस्त गेले, तिसऱ्यापासून लोक ऐकेनात." मी सोलापुरात हौशी नाटकवाल्यांचं आणि पॉडकास्ट करणाऱ्या पोरापोरींचं ध्वनीचं काम करून देतो, त्यामुळे अशा मालिका माझ्याकडे आयत्याच येतात. तिसरा भाग लावला की साधारण मध्यावर ठरलेली मंडळी हजर होतात: पिंपळ, अमावास्या आणि खाकरून बोलणारा एक जाणता म्हातारा. "पोरांनो, त्या जागेला हात लावू नका." तिथून पुढे गुन्हा मागे पडतो, पोलिस दिसेनासे होतात आणि ऐकणारा ओळखीच्या भूतकथेत येऊन बसतो. ओळखीच्या माणसाला कोण किती घाबरणार?

या प्रकारात नवीन असाल तर थोडक्यात सांगतो. गुन्हा रचलेला, पण सांगायची पद्धत खऱ्या गुन्ह्याच्या पॉडकास्टची. म्हणजे निवेदक, जबाब, कागदपत्रं, फोनवरच्या मुलाखती. आणि त्या गुन्ह्याच्या तळाशी अशी काहीतरी अफाट गोष्ट, जिला माणसाचं काही पडलेलंच नाही. याला कॉस्मिक हॉरर म्हणतात. ही दोन्ही एका दावणीला बांधणं अवघड असतं, कारण ट्रू क्राइम ऐकणाऱ्याला उत्तर लागतं, आणि कॉस्मिक हॉररमध्ये उत्तर दिलं की भीती मेली. पहिल्या दोन भागांत प्रश्नच असतात म्हणून निभावतं. तिसऱ्यात काहीतरी सांगावं लागतं, आणि आपल्याकडे सगळ्यांत हाताशी असलेलं उत्तर म्हणजे भूत.

लिंबावर भागतंय का, ते आधी तपासा

तुमच्या मालिकेतली भयंकर गोष्ट नारळ, लिंबू, दहीभात किंवा कोंबडं देऊन शांत होईल का? होत असेल तर दुखणं सापडलं. आपली भुतं फार संसारी असतात. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेली हडळ होते, वेताळाला त्याचा मान लागतो. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला, प्रत्येकाला काहीतरी हवंय, आणि मुख्य म्हणजे त्यांना तुम्ही ठाऊक आहात. मला या गोष्टी मनापासून आवडतात. पण ज्याला तुमच्याकडून काही हवंय, त्याच्याशी बोलणी करता येतात. कॉस्मिक हॉररमध्ये समोर बोलणी करायला कुणी नसतं.

देवळांच्या बाबतीतही हेच. सोलापुरातली जवळपास प्रत्येक नवी टीम कधी ना कधी सिद्धेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांवर येऊन थांबते. "एकोणसत्तरावं लिंग सापडतं, अशी आयडिया आहे." ऐकायला चटकदार आहे, पण करू नका. गावाच्या श्रद्धेला उगाच हात लागतो, हे कारण पुरेसं आहेच. शिवाय ते गोष्ट म्हणूनही चालत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या पाण्यासाठी तळं केलं, अशी ती परंपरा आहे. तिच्या मुळाशी माया आहे. जिथे कुणीतरी तुमची काळजी करतंय तिथे ही भीती रुजत नाही. १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्म्यांची फाशी तर अजिबात वापरू नका. तो खरा इतिहास आहे, माणसं खरी आहेत, त्यांच्यावर कल्पित गूढ चढवायचं कारण नाही.

बंद गिरणीचा भोंगा रात्री वाजतो, हीसुद्धा लाडकी कल्पना. सोलापूरकराला ती लगेच भिडते, कारण इथल्या दोन-तीन पिढ्यांची घड्याळं भोंग्यावर लागत होती. पण मेलेली गिरणी परत येते म्हणजे तेही भूतच झालं, फक्त विटांचं. त्याच गिरणीत वेगळं काय करता येईल बघा. गिरणीत तीन पाळ्या. जुन्या पगारपत्रकांचे गठ्ठे तपासताना कळतं की पगार चार पाळ्यांचा निघालाय. चौथ्या पाळीचे अंगठे आहेत, रक्कम उचललेली आहे, लेखापरीक्षकाची सहीसुद्धा आहे. दिवसाचे तास मात्र चोवीसच. इथे कुणी रडत नाही, कुणी सूड घेत नाही. नुसता हिशेब लागत नाही.

गुन्हा सोडवा, हिशेब तसाच ठेवा

माझ्या मते या अडचणीवर खरा उपाय एवढाच आहे. गुन्ह्याला पूर्ण, माणसाचं, पटेल असं उत्तर द्या. कुणी मारलं, का मारलं, कशाने मारलं, हे लिहायला बसण्याआधी ठरवा आणि शेवटच्या भागापर्यंत सगळं सांगून टाका, हातचं राखू नका. त्याच्या शेजारी एक आकडा असा ठेवा जो पहिल्या भागापासून शेवटपर्यंत जुळत नाही. त्याबद्दल कुणीही, निवेदकानेही, काही समजावून सांगायचं नाही. ट्रू क्राइमच्या ऐकणाऱ्याला त्याचं उत्तर मिळालं, तो फसवला गेला नाही. आणि ते उत्तर मिळाल्यावरही जे उरलं, ते त्याच्या डोक्यात राहिलं.

आकडा गुन्ह्याच्या आतलाच असला पाहिजे, वरून चिकटवलेला नको. नाहीतर तो शोभेचा राहतो. म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर घेतो.

सोलापूर जिल्ह्यात बोअर कुणी बघितली नाही? पाण्याची बोंब झाली की गाड्या रात्रंदिवस फिरतात, त्यातल्या कितीतरी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडच्या. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण आहे, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा लागतो. एक लाव्हा थंड होऊन दुसरा त्यावर येईपर्यंत वरचा भाग जो उन्हापावसात राहिला, त्याची ती खूण. बोअरवाला अण्णा हे काही सांगत नाही, तो बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग बघतो आणि "लाल लागलं" म्हणतो. माणसाच्या आवाक्याबाहेरचा काळ एवढ्या सहज बोलण्यात आणखी कुठे सापडणार?

आता गुन्हा. बोअरचे पैसे फुटावर असतात. शेतकरी म्हणतो ५४० फूट गेली, एजंट म्हणतो ६२०. भांडण होतं, आणि सकाळी गाडीवरचा एक कामगार बांधाजवळ मेलेला सापडतो. त्याने खोली मोजली होती आणि तो खरं सांगणार होता, म्हणून एजंटने लोखंडी पान्याने मारलं. हेतू आहे, हत्यार आहे, पान्यावर रक्त आहे. बोअर खोल जाईल तशा एकाला एक जोडून लोखंडी दांड्या आत सोडतात. तुमच्या गोष्टीत एक दांडी २० फुटांची धरा. ६२० फूट म्हणजे ३१ दांड्या, ५४० म्हणजे २७. सगळा खटला दांड्यांच्या मोजणीवर उभा राहतो. गाडीच्या डायरीत आत गेलेल्या दांड्या ३१. सकाळी पोलिसांनी मोजल्या तेव्हा बाहेर आलेल्या ३२.

आरोपीचा वकील पहिल्यांदा हेच पकडतो: मोजणीच चुकली, सगळी मोजणी संशयास्पद. मग पुन्हा मोजतात. ३२. बत्तिसावी दांडी इतर दांड्यांइतकीच झिजलेली आहे. खटल्याला तिची गरज पडत नाही, पान्यावरचं रक्त पुरेसं होतं, आरोपीला शिक्षा होते. मुद्देमाल दोन वर्षांनी परत करताना पावतीवर आकडा ३३ आहे, आणि पावती घेणाऱ्याने बिनतक्रार सही केलेली आहे. निवेदकाने पावती वाचायची, तारीख वाचायची, पुढे जायचं.

यात पिंपळ कुठेच लागला नाही.

कागद खरा वाटला नाही तर बाकी सगळं फुकट

भीती कागदात लपवायची, तर कागद आधी खरा वाटला पाहिजे. इथे बऱ्याच टीम सिनेमातले पोलिस लिहितात. सोलापुरात प्रत्येक घरात एखादा वकील, हवालदार नाहीतर कोर्टातला कारकून नात्यात असतोच. त्याने एकदा हसून ऐकणं सोडलं की तो दहा जणांना सांगतो.

काळ ठरवा. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर भारतीय दंड संहिता, खुनाला कलम ३०२. त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता, कलम १०३. मृत्यू म्हणजे खूनच आहे हे सुरुवातीला स्पष्ट नसेल तर थेट खुनाचा गुन्हा येत नाही. आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७४ खाली, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १९४ खाली. ही पायरी गोष्टीसाठी सोन्यासारखी आहे. पहिल्या भागात नुसता अकस्मात मृत्यू, दुसऱ्याच्या शेवटी गुन्हा दाखल. नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, कलम १०५. म्हणजे आजच्या काळातल्या गोष्टीत तुम्हाला जप्तीचा खरा वाटणारा आवाज आयता मिळतो: वारा, कुणाचं तरी "इकडून घ्या, इकडून" आणि मागे मोजणारा हवालदार. जुन्या काळातली गोष्ट असेल तर फक्त कागद आणि आठवणी.

तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, कायदाच तसा आहे. फिर्यादीवर फिर्यादीची सही असते. हे उलटं लिहिलेलं मी वारंवार ऐकतो. जबाबाच्या शेवटी मात्र ठरलेलं वाक्य येतं: जबाब वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. आता या वाक्याचा सोलापुरात काय उपयोग होतो बघा. इथे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार बोली सहज नांदतात. चार साक्षीदार, चार भाषा, चौघांचे जबाब हवालदाराने मराठीत उतरवलेले. चारही जबाबांत एक वाक्य शब्दशः सारखं. ऐकणारा आधी म्हणतो, हवालदाराने आळस केला. पुढच्या भागात त्या साक्षीदारांपैकी एकीची मुलाखत लावा, तिच्या स्वतःच्या तेलुगूत, मागून मराठी निवेदन. तेच वाक्य, त्याच जागी थांबून.

पंचनाम्याचंही तसंच. एका टीमच्या संहितेत घटनास्थळाचं वर्णन साधारण या थाटाचं होतं: "त्या काळरात्री त्या शापित रानात एक भयाण, अंगावर काटा आणणारी शांतता पसरली होती." यातली सगळी विशेषणं ऐकणाऱ्याला सांगतात की आता घाबर. सांगून कुणी घाबरत नाही. तीच जागा पंचनाम्याच्या भाषेत लिहा:

"घटनास्थळाची चतुःसीमा पुढीलप्रमाणे. पूर्वेस फिर्यादीची ज्वारी. पश्चिमेस गाडीवाट. दक्षिणेस बांध व त्यावर बाभळीची दोन झाडे. उत्तरेस बोअरची गाडी उभी. खालील बाजूस रस्ता. सदर पंचनामा १७.०५ वाजता सुरू करून १८.२० वाजता संपविला."

चारही दिशा संपल्यावर आलेल्या "खालील बाजूस रस्ता" या तीन शब्दांवर ढोल वाजवू नका, थांबू नका, निवेदकाचा आवाजही बदलू नका. निम्म्या लोकांच्या कानावरून ते जाईल. जाऊ द्या. उरलेले मागे जाऊन पुन्हा ऐकतील आणि मग त्या निम्म्यांना फोन करतील. माझ्या अनुभवात मालिका अशीच पसरते.

आवाजातली गडबड

तिसऱ्या भागात आणखी एक गोष्ट हमखास घडते: खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज येतो. संपादन करणाऱ्याच्या हेडफोनमध्ये तो छाती दडपून टाकतो. ऐकणारा मात्र रिक्षात किंवा ओट्याशी भाकरी थापताना फोनच्या स्पीकरवर ऐकत असतो, आणि त्या एवढ्याशा स्पीकरला ५०-६० हर्ट्झ जमतच नाहीत. त्याला ऐकू येते ती फक्त निवेदकाची विनाकारण लांबलेली शांतता. उपाय सोपा आहे. घुमणाऱ्या आवाजाला थोडं डिस्टॉर्शन देऊन, म्हणजे तो मुद्दाम जरासा फाटवून, त्याचे वरचे स्वर ३०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात आणा, आणि प्रत्येक भाग प्रसिद्ध करण्याआधी साध्या फोनवर, पंखा चालू ठेवून, एकदा ऐका.

दुसरी बाजू अशी की ५० हर्ट्झ हीच आपल्या विजेची वारंवारिता आहे. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असेल किंवा अर्थिंग नीट नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येते, ५०, १००, १५० अशी. तुमचा भयाचा आवाज तिथेच ठेवला तर दोन्ही मिसळून नुसती खराब वायर वाटते. रेकॉर्ड करताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि उरलेली गुणगुण नॉच फिल्टरने, म्हणजे ठरावीक वारंवारिताच कापणाऱ्या फिल्टरने, काढा. नॉइज रिडक्शन जपून वापरा, जास्त झालं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो.

खोली कशी सांभाळायची हे सोलापुरात सांगायला नको, घरोघरी चादरी आहेत. जाड चादर दुहेरी करून बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना टांगा, खोलीचा खणखणीतपणा जातो. शेजारच्या यंत्रमागाचा दणका मात्र चादरीने थांबत नाही, तो भिंतीतून आणि फरशीतून येतो. त्याला वेळ बदलणं हाच इलाज. मे महिन्यात पंखा बंद करून दुपारी रेकॉर्डिंग करायचा हट्टही धरू नका. पहाटे करा. घामेजलेल्या निवेदकाचा आवाज घाबरलेला वाटत नाही, वैतागलेला वाटतो.

यंत्रमागाचा आवाज शत्रूच आहे असंही नाही. एकसारखा खटखटाट पार्श्वभूमीला पाच मिनिटं हळू ठेवा आणि मग त्यातला एकच ठोका काढून टाका. फक्त एक. काय बदललं ते कुणाला सांगता येणार नाही. खोलीच्या नुसत्या शांततेचंही एक मिनिट वेगळं रेकॉर्ड करून ठेवा, सगळे गप्प, कुणी हलायचं नाही. जोडकामात ती शांतता सगळीकडे अंथरलेली असते म्हणून जाणवत नाही. एखाद्या वाक्याखालून ती काढली की तिथे भोक पडल्यासारखं होतं. फोनवरची मुलाखत बनवायची तर ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० च्या वरचं कापा, टेलिफोनचा पट्टा तेवढाच असतो. आणि राक्षसी, जाड केलेला, प्रतिध्वनीचा आवाज कुणाच्याच तोंडी नको. ज्या गोष्टीला आपण माहीतही नाही, ती आपल्याशी मराठीत का बोलेल?

एकूण पातळी स्टिरिओसाठी उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप), शिखर उणे १ डेसिबलच्या वर नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन हा पर्याय एकूण पातळी बसवायलाच आहे. भयपट वाटावा म्हणून कुजबुज फार हळू आणि किंकाळी फार मोठी ठेवली की लोक आवाज वरखाली करून कंटाळतात आणि बंद करतात. "तिसऱ्यापासून ऐकेनात" यात याचाही वाटा असतो.

"हे खरं आहे का?" असे मेसेज येऊ लागले तर

काही टीमना हे यश वाटतं. मला वाटत नाही. ऐकणाऱ्यांचा घोळका ट्रू क्राइममध्ये आहे म्हणून मालिका त्या वर्गात टाकण्याचा मोह होतो. ॲपल पॉडकास्टमध्ये ट्रू क्राइम आणि फिक्शन हे वेगळे वर्ग आहेत, तुमची जागा फिक्शन. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला, संगीत सुरू होण्याआधी, साध्या आवाजात सांगा की ही मालिका काल्पनिक आहे, यातली माणसं, गुन्हे आणि कागदपत्रं रचलेली आहेत. वर्णनातही लिहा. याने भीती कमी होईल असं वाटणाऱ्यांनी लोकांना नाटकाच्या तिसऱ्या घंटेनंतर रडताना पाहिलेलं नाही.

खरी अडचण तीस सेकंदांच्या तुकड्याची असते. जाहिरातीसाठी तुम्ही एक तुकडा व्हॉट्सॲपवर सोडता, त्यात सूचना नसते, चौकाचं नाव मात्र खरं असतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते भटक्या समाजातले होते आणि त्यांच्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यामागे मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा होत्या. या जिल्ह्यात बसून हरवलेल्या मुलांच्या खोट्या बातमीसारखा ऐकू येणारा तुकडा सोडायचा नाही, एवढं बंधन प्रत्येकाने स्वतःवर घालावं. कायदाही आहेच, भीती पसरवणाऱ्या खोट्या विधानांसाठी न्याय संहितेचं कलम ३५३. प्रत्येक तुकड्याच्या आतच, शेवटच्या शब्दाला लागून, मालिकेचं नाव आणि "काल्पनिक" हा शब्द बोललेला असू द्या, म्हणजे तो कापायला कुणाला मुद्दाम बसावं लागेल. पोलिस ठाणं, गल्ली, गाव कल्पित ठेवा. शहर सोलापूर असू द्या, त्याला हरकत नाही.

खऱ्या प्रकरणावरून गोष्ट उचलून नावं बदलली की झालं, असाही एक समज आहे. जिल्ह्यात माणसं लगेच ओळखू येतात. मेलेल्या माणसाची बदनामीसुद्धा, नातेवाइकांना दुखवण्याचा हेतू असेल तर, बदनामीच्या व्याख्येत बसते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कुणाच्या तरी घरातलं दुःख उचलून त्याला आपला राक्षस जोडणं मला पटत नाही.

तिसरा भाग आधीच प्रसिद्ध झाला असेल, तर

काढून टाकू नका. ऐकलेल्यांना तो आठवतो, आणि काढलेल्या भागाबद्दल भलत्याच चर्चा होतात. चौथ्या भागात त्याची जागा बदला. तिसऱ्यात मांत्रिक येऊन गेला ना? चौथ्याच्या सुरुवातीला निवेदकाने कोरडेपणाने सांगायचं: "हे मयताच्या चुलत्याचं म्हणणं आहे." भुताची गोष्ट आता एक जबाब झाली, सत्य राहिली नाही. मग मांत्रिकाने पैसे घेतले असतील तर त्याचीही नोंद घ्या, राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि गुन्ह्याची मालिका असा गुन्हा डोळ्याआड करू शकत नाही. याने त्याचं तेज आपोआप उतरतं.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे उतारा यशस्वी होऊ द्या. सगळं यथासांग झालं, घरच्यांना बरं वाटलं, लेकराला झोप लागली, म्हातारीने देवाला हात जोडले. आणि दुसऱ्या दिवशीच्या मोजणीत दांड्या तेवढ्याच, ३२. मांत्रिक खोटा ठरला असं कुणी म्हणत नाही, त्याने त्याचं काम केलं. दांडीला ते लागूच होत नव्हतं.

तिसऱ्या भागाचा ऑडिओ सुधारून पुन्हा टाकायचा असेल तर त्याच नोंदीत फाइल बदला. नवा भाग म्हणून टाकलात तर फीडमध्ये त्याची ओळख नवी बनते आणि जुन्या ऐकणाऱ्यांना तो दुसऱ्यांदा येतो. मालिकेचा प्रकार सीरियल असा निवडा, एपिसोडिक नको. नाहीतर नवा माणूस सगळ्यांत ताजा भाग आधी ऐकतो आणि त्याला पंचनाम्याआधीच निकाल कळतो. सीझन आणि भाग क्रमांक भरा, ट्रेलरला ट्रेलर म्हणूनच नोंदवा, भाषा मराठी निवडा. मुखपृष्ठ चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेल. पहिले दोन भाग एकाच दिवशी सोडा. एकाच भागावर लोक पुढच्या आठवड्याची वाट बघतील अशी आशा धरू नका. सीझन सहा भागांचा पुष्कळ झाला, आठाच्या पुढे कागद कमी पडतात आणि लेखक पुन्हा पिंपळाकडे बघायला लागतात.

सीझन संपल्यावर बऱ्याच टीम उत्साहाने प्रश्नोत्तरांचा भाग काढतात आणि केलेलं सगळं त्यात घालवतात. काढायचाच असेल तर एजंटबद्दल बोला, पान्याबद्दल बोला, रेकॉर्डिंगची गंमत सांगा, चादरी दाखवा. बत्तिसाव्या दांडीचं कुणी विचारलं तर तो प्रश्न घेऊच नका, दुसरा घ्या.